२८ जुलै, स्पीकचा स्तंभ आणि आमच्या गटातलं रणकंदन

जिंजाकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

मी युगांडात जिंजाला असतो. व्हिक्टोरिया सरोवरातून पांढरी नाईल जिथे बाहेर पडते, तेच हे गाव. समोरच्या काठावर, न्जेरूच्या बाजूला, जॉन हॅनिंग स्पीकचा स्तंभ आहे. हा ब्रिटिश लष्करी अधिकारी २८ जुलै १८६२ ला इथे पोचला, सरोवराचं पाणी नदी होऊन खाली पडताना पाहिलं आणि नाईलच्या उगमाचा प्रश्न मिटला असं जगाला कळवून मोकळा झाला. अलीकडच्या काठावर, म्हणजे आमच्या बाजूला, गांधीजींचा अर्धपुतळा आहे. १९४८ मध्ये त्यांच्या अस्थींचा काही भाग इथे नदीत सोडला होता. पुतळ्याचं अनावरण १९९७ मध्ये इंद्रकुमार गुजराल पंतप्रधान असताना त्यांच्याच हस्ते झालं.

इथे आम्ही मोजकीच मराठी घरं आहोत. गणपती, संक्रांत, एखादी सहल एवढंच आमचं सार्वजनिक जीवन. यंदा एकाने टूम काढली की २८ जुलैच्या आसपास सगळ्यांनी बोटीने स्पीकच्या स्तंभापाशी जायचं, पोरांना थोडा इतिहास सांगायचा आणि तिथेच डबे उघडायचे. झालं! गटात एक इतिहासाचे मास्तर आहेत, ते उखडले. ‘ज्या नदीच्या काठी माणसं पिढ्यानपिढ्या राहतायत तिथे एक गोरा येऊन उभा राहिला, त्याची जयंती आपण करायची? ज्यांच्यावर इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य केलं त्या आपण?’ त्यावर टूमवाला म्हणाला, ‘मग भूगोलाच्या पुस्तकातलं पानही फाडा.’ तेव्हापासून व्हॉट्सॅपवर रणकंदन चालू आहे. दोघांच्या बायका मात्र डब्याचा मेनू ठरवून मोकळ्या झाल्यात.

माझा कल अजून कुठेच नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं? अशी आठवण साजरी करावी का, आणि करायची तर कशी? माहितगारांनी लिहावं.

टवाळ_पोर

डब्यात काय आहे ते आधी सांगा. तत्त्वाचं नंतर बघू.

अस्मि

मास्तरांना माझा पूर्ण पाठिंबा.

स्पीक इथे पोचण्याआधी बुगांडाच्या मुतेसा राजाच्या दरबारात काही महिने राहिला होता. म्हणजे तिथे राजा होता, दरबार होता, रस्ते होते, कर होते. नदी कुठून निघते हे तिथल्या कोळ्याला विचारलं असतं तरी त्याने बोट दाखवलं असतं. प्रश्न फक्त लंडनमधल्या नकाशावाल्यांचा होता.

आणि याच माणसाने आपल्या पुस्तकात एक सिद्धांत मांडला. गुरंढोरं राखणारे, उंच, राज्य करणारे जे लोक त्याला या भागात दिसले ते मूळचे इथले असूच शकत नाहीत, उत्तरेकडून इथिओपियाच्या अंगाने आलेला तो वरचढ वंश असला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. पुढे हीच कल्पना जर्मन आणि बेल्जियन राज्यकर्त्यांनी रवांडात उचलून धरली. बेल्जियनांनी ओळखपत्रांवर माणूस हुतू की तुत्सी, ही जमात लिहायला लावली. १९९४ मध्ये त्याच ओळखपत्रांवरून माणसं निवडून मारली गेली. सगळं पाप एकट्या स्पीकच्या माथी मारत नाहीये, पण असल्या माणसापुढे पोरांना रांगेत उभं करून काय सांगणार आहात?

लंडनचा_पाऊस

इथे केन्सिंग्टन गार्डन्समध्येही स्पीकचा स्तंभ आहे, तांबड्या ग्रॅनाइटचा. त्यावर मजकूर एवढाच: स्पीकच्या स्मरणार्थ, व्हिक्टोरिया न्यांझा (म्हणजे सरोवर) आणि नाईल, १८६४. ‘उगम शोधला’ असं ठामपणे कोरायची तेव्हा कोणाची हिंमत नव्हती, कारण वाद पेटलेला होता. त्याचा जुना जोडीदार रिचर्ड बर्टन म्हणत होता की टांगानिका सरोवर हा खरा उगम. दोघांची जाहीर चर्चा १६ सप्टेंबर १८६४ ला बाथमध्ये ठरली होती. आदल्या दिवशी दुपारी शिकारीत दगडी कुंपण ओलांडताना स्पीकला स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागली आणि तो गेला. अपघात की आत्महत्या, यावर लोक अजून भांडतात. पुढे १८७५ मध्ये स्टॅन्ली या पत्रकार-प्रवाशाने व्हिक्टोरिया सरोवराला वळसा घातला तेव्हा स्पीकचं म्हणणं बरोबर होतं हे सिद्ध झालं.

आता त्या स्तंभाकडे कुत्री सोडली तर कोणी फारसं लक्ष देत नाही.

पुराणपुरुष

कमाल आहे. आपल्या पुराणांत नाईलचं उगमापासून वर्णन आहे आणि इथे स्पीक की बर्टन चाललंय! खुद्द स्पीकनेच हिंदूंच्या पुराणांवरून काढलेला नकाशा आपल्या पुस्तकात छापलाय आणि हिंदूंना हे आधीपासून माहीत होतं अशी कबुली दिली आहे. चंद्रगिरी, सोमगिरी, अमर सरोवर, सगळं आहे त्यात. आपल्याकडच्या सेक्युलर मंडळींना हे पचणार नाही.

टवाळ_पोर

आला, आला! पॉपकॉर्न घेऊन बसतो.

चिकित्सक

पुराणपुरुष, अर्धी गोष्ट खरी आहे, म्हणून उरलेली अर्धी सांगतो.

स्पीकने तो नकाशा छापला, हे खरंच. झांझिबारचा ब्रिटिश वकील रिग्बी, जो मुंबई सैन्यातला अधिकारी होता, त्याने तो स्पीकला दिला होता. पण नकाशा मूळचा फ्रान्सिस विलफर्डचा. हा काशीत राहणारा कंपनीचा लष्करी अधिकारी. इजिप्त, बायबल आणि पुराणं हे सगळं एकाच कथेत बसवायचं वेड त्याच्या डोक्यात होतं. त्याने एक पंडित पगारी ठेवला आणि पुराणांत नाईलचा, इजिप्तचा उल्लेख कुठे सापडतो का बघायला सांगितलं. पंडितजी हुशार. साहेबाला काय हवंय ते ओळखून त्यांनी पोथ्यांतली नावं खोडली, त्या जागी हवी ती नावं घातली, काही ठिकाणी तर सबंध श्लोक रचून दिले. त्यावर विलफर्डने १७९२ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये भलामोठा निबंध आणि नकाशा छापला. युरोपात वाहवा झाली. नंतर पोथ्या जुळवून बघताना खाडाखोड लक्षात आली आणि १८०५ च्या सुमारास विलफर्डने त्याच नियतकालिकात आपण फसलो असं लिहून टाकलं.

म्हणजे स्पीकने पुस्तक छापलं तेव्हा हे उघडकीला येऊन अर्धं शतक उलटून गेलं होतं. त्याला ते कळलेलं दिसत नाही. आपल्यालाही अजून कळायचंय.

पुराणपुरुष

पंडिताची बाजू कोणी ऐकली? इंग्रज म्हणतो म्हणून खोटं?

चिकित्सक

तुम्हीच इंग्रज म्हणतो म्हणून खरं मानत होता की मघाशी. हलकेच घ्या.

खानदेशी_वाघ

मला एक बेसिक प्रश्न पडलाय. हा स्पीक तिथल्या लोकांशी बोलायचा कोणत्या भाषेत?

लंडनचा_पाऊस

@खानदेशी_वाघ, हिंदुस्तानीत!

स्पीक बंगाल सैन्यात होता, त्याला कामापुरती हिंदुस्तानी येत होती. स्वाहिली, अरबी यथातथाच. त्याचा सगळा भार सिदी मुबारक बॉम्बे या माणसावर. हा याओ जमातीचा. लहानपणी गुलाम म्हणून पकडला गेला, विकला गेला, भारतात आला. मालक वारल्यावर सुटका झाली, मग परत झांझिबारला जाऊन सुलतानाच्या फौजेत शिपाई झाला. १८५७ मध्ये बर्टन-स्पीकने त्याला घेतला. स्पीक हिंदुस्तानीत बोलणार, बॉम्बे त्याचं स्वाहिलीत करणार, पुढे तिसरा कोणी स्थानिक भाषेत. उत्तर याच वाटेने उलटं यायचं.

हा बॉम्बे स्पीकबरोबर दोन्ही मोहिमांत होता. मग स्टॅन्लीबरोबर लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाला शोधायला गेला. मग कॅमेरॉन या ब्रिटिश प्रवाशाबरोबर आफ्रिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पार केली. त्या काळात आफ्रिकेतली एवढी वाट क्वचितच कोणी तुडवली असेल. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने चांदीचं पदक दिलं, पुढे पेन्शनही दिलं. केन्सिंग्टनच्या दगडावर नाव अर्थातच नाही.

अजून एक गंमत. टबोरा, म्हणजे तेव्हाचं काझे, इथे स्पीकला सगळ्यात जास्त मदत करणाऱ्यांत मूसा म्झुरी नावाचा व्यापारी होता. तो सुरतेचा खोजा.

खानदेशी_वाघ

सुरत! म्हणजे आमच्या नंदुरबारच्या शेजारचाच की.

मांडवीतीर

धागा छान रंगलाय. गोव्यातर्फे दोन गोष्टी सांगून जातो.

पहिली. बर्टन आणि स्पीक डिसेंबर १८५६ मध्ये झांझिबारला निघाले ते मुंबईहून, कंपनीच्या ‘एल्फिन्स्टन’ नावाच्या जहाजातून. तेव्हा मुंबईतून त्यांनी दोन गोंयकार पोरं नोकर म्हणून घेतली, व्हॅलेंटाईन आणि गाएतानो. दोघंही पुढे टांगानिकापर्यंत गेले आणि परतही आले. तापाने फणफणले, साहेबांची दुखणीखुपणी काढली, स्वतः मरता मरता वाचले. बर्टनने त्यांच्याबद्दल जे लिहिलंय ते वाचून संताप येतो. चोर काय, खादाड काय! साहेबांना डोलीत घालून न्यायची वेळ आली होती तेव्हा पेज कोण भरवत होतं ते मात्र दोन ओळींत उरकलंय. गंमत म्हणजे हा बर्टन मुंबई सैन्यातला, मराठीची सरकारी परीक्षा पास झालेला माणूस.

दुसरी गोष्ट निळ्या नाईलची, म्हणजे नाईलच्या दुसऱ्या फाट्याची. इथिओपियात गिश इथल्या झऱ्यापाशी २१ एप्रिल १६१८ ला पेद्रो पाएझ हा जेझुइट पाद्री पोचला. स्पॅनिश माणूस, पण निघाला होता गोव्याहून. १५८९ मध्ये पहिल्यांदा निघाला तेव्हा अरबी किनाऱ्यावर पकडला गेला आणि सुमारे सात वर्षं येमेनमध्ये कैदेत, काही काळ गलबतावर वल्ही मारत काढली. सुटून परत गोव्याला आला, हातपाय धड झाल्यावर पुन्हा निघाला आणि १६०३ मध्ये इथिओपियात पोचला. तिथल्या राजाबरोबर फिरत असताना त्याने ते झरे पाहिले. लिहिलं तेही साधं, फुशारकीशिवाय. मग दीडशे वर्षांनी, १७७० मध्ये, जेम्स ब्रूस नावाचा स्कॉटिश गृहस्थ तिथे गेला आणि मीच पहिला म्हणून नाचला. पाएझने लिहिलंय हे दाखवल्यावर पाएझ खोटारडा ठरवला!

तेव्हा जिंजाकर, ‘पहिला युरोपीय’ हे बिरुदसुद्धा गोऱ्यांनी एकमेकांच्या हातून हिसकावलेलं आहे. आपण कशाला त्यात पडा?

टवाळ_पोर

‘एल्फिन्स्टन’ नाही, आता ‘प्रभादेवी’ म्हणायचं. इतिहासात बदल करून घ्यावा.

सुगरण_सई

अवांतर: जिंजाला रोलेक्स खाल्लंय का कोणी? घड्याळ नाही हो. चपातीवर ऑम्लेट घालून गुंडाळी करून देतात रस्त्यावर. माझी बहीण कंपालात होती, तिने सांगितलं की चपाती तिथे इतकी मुरलीय की लोकांना ती आपल्याकडून गेलीय असं वाटतही नाही.

जिंजाकर

सई, रोज सकाळी नाक्यावर तव्यापाशी गर्दी असते. आमच्या पोरांना घरच्या पोळीपेक्षा तीच प्रिय. कांदा, कोबी, टोमॅटो अंड्यातच बारीक चिरून घालतात. सहलीला डबे कशाला, रोलेक्स घेऊ, असा एक तिसरा पक्ष आता गटात निघालाय.

बाकी सगळ्यांचे आभार. अस्मि, तुमचा प्रतिसाद मास्तरांना पाठवला. ते दोन इंच उंच झालेत.

धरणवाला

सिंचन खात्यातून निवृत्त. एक कोणी विचारलं नाही ते विचारतो. त्या स्तंभापाशी उभं राहून तुम्ही बघणार काय?

स्पीकने जो धबधबा पाहिला तो आता अस्तित्वात नाही. त्याला त्याने रिपन फॉल्स असं नाव दिलं होतं, रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचा अध्यक्ष लॉर्ड रिपन याच्यावरून. (एमपीएससीवाल्यांनो, हाच तो. पुढे १८८० ते १८८४ आपला व्हाइसरॉय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचा जनक.) १९५४ मध्ये खालच्या अंगाला ओवेन फॉल्स धरण झालं, राणी एलिझाबेथ स्वतः उद्घाटनाला आली होती. सरोवरातून पाणी मोकळं यावं म्हणून धबधब्याचा खडक फोडला आणि उरलासुरला भाग फुगवट्याखाली गेला. म्हणजे अख्खं व्हिक्टोरिया सरोवर हाच त्या धरणाचा जलाशय! इतका मोठा जलाशय एवढ्याशा भिंतीने अडवलेला दुसरीकडे बघायला मिळणार नाही. आणि सोडायचं पाणी किती यावर इजिप्तची नजर, त्यांचा अभियंता जिंजाला बसून मोजमाप बघतो. कृष्णा लवादाची भांडणं केलेल्या माणसाला हे वाचून घरी आल्यासारखं वाटतं.

पुढे आणखी खाली बुजागालीचं धरण झालं, २०१२ ला सुरू. तिथल्या धबधब्यात बुसोगा लोकांचं दैवत राहतं अशी श्रद्धा. ते दैवत हलवायचं कसं, कोणी आणि कोणत्या विधीने, यावरून प्रकल्पात बरीच वर्षं वाद चालला. उजनीच्या वेळी पळसदेवचं देऊळ पाण्यात गेलं ते आठवलं. दुष्काळात पाणी उतरलं की शिखर वर येतं आणि गावचे लोक होडीतून नारळ घेऊन जातात.

मला विचाराल तर स्पीकपेक्षा धरण दाखवा पोरांना.

अस्मि

धरणवाला, एकदम सहमत. आणि सरोवराला तिथले लोक नालुबाले म्हणतात, नदीला कियिरा. धरणांना आता हीच नावं आहेत. दगडावरचं नाव तेवढं जुनं राहिलंय.

शरणपूर_रोड

चार दिवस फक्त वाचत होते, आता राहवत नाही. मी नाशिकची. आयडीवरून कळलंच असेल. कॅनडा कॉर्नरकडून शरणपूर रोडने तुम्ही हजार वेळा गेला असाल, कपडे घेतले असतील, मिसळ खाल्ली असेल. त्या शरणपूरचा आणि नाईलच्या उगमाचा संबंध आहे, हे आमच्या शाळेत कधी कोणी सांगितलं नाही.

१८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम साल्टर प्राइस या पाद्र्याने शरणपूरची वस्ती वसवली. त्या काळात ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलाम नेणारी गलबतं पकडायचं. सुटका झालेली आफ्रिकन पोरं मुंबईला उतरवली जायची आणि त्यातली बरीच शरणपूरला यायची. तिथे लिहायला-वाचायला शिकायची, सुतारकाम, लोहारकाम शिकायची. आईबाप कुठे, गाव कोणतं, काही माहीत नाही. नावंसुद्धा पाद्र्यांनी दिलेली.

आता लिव्हिंगस्टन. हा १८६४ मध्ये आपली छोटी आगबोट स्वतः चालवत झांझिबारहून मुंबईला आला. बरोबर चुमा आणि सुसी हे त्याचे आफ्रिकन सोबती होते. चुमाला मुंबईत जॉन विल्सनच्या शाळेत ठेवलं, हे विल्सन म्हणजे विल्सन कॉलेजवाले. नंतर नाईलच्या उगमाच्या शोधाला निघायचं ठरलं तेव्हा १८६५ मध्ये शरणपूरहून नऊ पोरं बरोबर घेतली. शिवाय मुंबईच्या मरीन बटालियनचे काही शिपाई. आणि म्हशी! आफ्रिकेत त्सेत्से माशी चावून गुरं मरतात, तर हिंदुस्तानातल्या म्हशी आणि उंट टिकतात का ते बघायचं होतं. टिकले नाहीत. शिपायांनी इतकी टंगळमंगळ केली, जनावरांचे इतके हाल केले, की लिव्हिंगस्टनने त्यांना मधूनच परत पाठवलं. नाशिकची काही पोरं पळाली, काही मेली, काही शेवटपर्यंत राहिली. १८७२ मध्ये स्टॅन्लीने कुमक पाठवली त्यात आणखी नाशिकवाले होते: जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार वगैरे.

१ मे १८७३ ला आजच्या झांबियात चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन गेला. पुढे जे झालं ते वाचून मी सुन्न झाले. साहेब गेला, पगार देणारा कोणी नाही, तिथेच पुरून घरची वाट धरता आली असती. त्यांनी काय करावं? काळीज आणि आतडी काढून झाडाखाली पुरली. हे काम करणाऱ्यांत आपला कॅरस फरार होता. प्रार्थना वाचली जेकब वेनराइटने आणि झाडाच्या खोडावर अक्षरंही त्यानेच कोरली, कारण लिहिता येत होतं. मग देहाला मीठ लावून दोन आठवडे उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, काठीला बांधला आणि खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत आणला. हजार मैलांहून जास्त वाट. वाटेतली गावं प्रेत नेऊ देत नाहीत म्हटल्यावर खोटं गाठोडं पुरायला परत पाठवल्याचं नाटक केलं आणि खरं कापडाच्या गठ्ठ्यासारखं बांधून पुढे काढलं. वाटेत त्यांचे स्वतःचे लोक मेले. फेब्रुवारी १८७४ मध्ये किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचले.

१८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये दफन झालं. शवपेटीला खांदा देणाऱ्या आठांत जेकब वेनराइट एकटाच आफ्रिकन. चुमा-सुसीला तर त्या दिवसापर्यंत कोणी बोलावलंही नाही. थडग्यावर लिहिलंय: ‘विश्वासू हातांनी जमीन आणि समुद्र ओलांडून आणलेला’ डेव्हिड लिव्हिंगस्टन. विश्वासू हात! हातांना नावं होती ना? त्यातली काही आमच्या शरणपूरच्या शाळेच्या हजेरीतली होती.

मावळती

_/\_ काटा आला. मी कॉलेज रोडला वाढले. हे कधीच ऐकलं नव्हतं.

टवाळ_पोर

आज टवाळी नाही. दंडवत घ्या.

चिकित्सक

उत्तम प्रतिसाद. पण एक शंका, धाग्याच्या दृष्टीने. लिव्हिंगस्टन जिंजाला कधी गेलाच नाही. तो लुआलाबा नदीलाच नाईलचा वरचा भाग समजत होता आणि ती निघाली काँगोची. २८ जुलैशी याचा संबंध कसा लावणार?

शरणपूर_रोड

म्हणूनच लावायचा. चुकीच्या नदीमागे जाऊन मेलेल्या साहेबाला अॅबेमध्ये जागा मिळाली, आणि त्याला तिथवर वाहून आणणाऱ्यांना नावही मिळालं नाही. बरोबर नदीवरही तेच, बॉम्बेचं वर आलंच आहे. उगम कोणाचा बरोबर निघाला याने मला काडीचा फरक पडत नाही. आणि उगमच म्हणाल तर बुरुंडीत रुतोवूला आणखी दक्षिणेचा झरा म्हणून छोटा पिरॅमिड बांधलेला आहे, रवांडावाले न्युंग्वेच्या जंगलातला झरा दाखवतात. करा साजरे सगळे!

मोंबासावाले_काका

शरणपूरताईंना पुरवणी जोडतो. माझी उभी नोकरी मोंबासात गेली.

तिथे खाडीच्या उत्तरेला फ्रिअरटाऊन नावाची वस्ती आहे. १८७४-७५ मध्ये याच प्राइसने वसवली. नाव सर बार्टल फ्रिअरचं. हे मुंबईचे गव्हर्नर होते, किल्ल्याचा तट त्यांच्या काळात पाडला, आणि आपलं फ्लोरा फाउंटन मुळात त्यांच्याच सन्मानार्थ उभारलेलं. पुढे १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाकडून गुलामांचा बाजार बंद करून घ्यायला तेच गेले होते. तर सुटका झालेल्या गुलामांसाठी ही वस्ती, आणि ती चालवायला माणसं कुठून आणली? नाशिकहून. तिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत. शिक्षक, सुतार, पाद्री, सगळे तेच. इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स ही नावं तिथल्या चर्चच्या इतिहासात ठळक आहेत. शिकलेली मंडळी, त्यामुळे गोऱ्या पाद्र्यांशी पगारावरून, मानापमानावरून त्यांचे खटके उडायचे. आपलं पाणी लागलं की माणूस अर्ज-विनंत्या करायला शिकतोच.

शरणपूरच्या पोरांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन तर १९३५ पर्यंत मोंबासात होता. लिव्हिंगस्टनला खांदा दिलेला माणूस!

वस्तीची घंटा अजून चौकात आहे. मी रोज तिच्या बाजूने मटाटूत लटकत जायचो. कंडक्टर ‘केंगेलेनी, केंगेलेनी’ ओरडायचा, तो स्टॉप त्या घंटेचाच.

सुगरण_सई

काका, वेगळा धागा काढा ना मोंबासावर. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पुराणपुरुष

शरणपूरताई, लेखन आवडलं. पण या पोरांचा धर्म बदलून, नावं बदलून मिशनऱ्यांनी काय केलं तेही लिहायला हवं होतं.

शरणपूर_रोड

‘नावंसुद्धा पाद्र्यांनी दिलेली’ असं लिहिलंय. जेकब वेनराइटचं जन्माचं नाव काय होतं ते दगडावर नाही, झाडावर नाही. त्याचा राग मलाही आहे. पण वेनराइटने रोजनिशी लिहिली, तीत तो स्वतः बोलतो. त्याला नुसता बळीचा बकरा करू नका.

जिंजाकर

मंडळी, अपडेट.

सगळा धागा मास्तरांना आणि टूमवाल्याला वाचायला दिला. दोघांनीही आपापल्या बाजूचे प्रतिसाद तेवढे उचलून एकमेकांना पाठवले, पण शेवटी ठरलं ते असं. सहल होणार. २८ तारखेलाच नाही, त्याच्या पुढच्या रविवारी. मास्तरांची ती अटच होती, मुहूर्त स्पीकचा नको. आधी धरणाच्या बाजूला, मग बोटीने पलीकडे स्तंभापाशी. तिथे भाषण नाही, फुलं नाहीत. मुलं एकेक नाव वाचणार आणि तो माणूस कोण होता ते दोन-दोन वाक्यांत सांगणार. स्पीकचं नावही वाचायचं, ते गाळायचं नाही यावर टूमवाला अडून बसला. मला त्याचं पटलं. तोही बिचारा पायी आला होता.

आतापर्यंतची यादी: सिदी मुबारक बॉम्बे, मूसा म्झुरी, व्हॅलेंटाईन, गाएतानो, चुमा, सुसी, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, राजा मुतेसा, स्पीक. पाएझवर मतभेद आहेत, नदी वेगळी म्हणून. एका बोटवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, त्याच्या आजोबाचं नावही घ्या, रिपन फॉल्स असताना ते तिथे मासे धरायचे. घेतलं.

अस्मि

नावं वाचून काय होणार हा प्रश्न मला अजून आहेच. दगड आहे तिथेच राहणार. पण बोटवाल्याचे आजोबा यादीत आले हे बेस्ट झालं. त्यांचं पहिलं वाचा.

मांडवीतीर

गाएतानो म्हणताना पोरांकडून नीट घोकून घ्या, मराठी पोरं ‘गायतोंडे’ करतील. आणि पाएझला नदी वेगळी म्हणून गाळताय, मग चुमा-सुसी कोणत्या नदीवर होते? घ्या की त्यालाही, खार्टूमला दोन्ही पाणी एकच होतं.

धरणवाला

सांडव्याचे दरवाजे किती उघडे होते ते बघून कळवा. फोटो काढायला गेलात तर सुरक्षारक्षक हटकतील, आधी परवानगी काढा.

जिंजाकर

मांडवीतीर, घेतला पाएझ. काका, शरणपूरताई, तुमचा मजकूर छापील पानावर वापरतोय, चालेल ना? शनिवारी छापायला टाकायचंय. यादीत अजून कोणी राहिलं असेल तर तोवर सांगा.

टवाळ_पोर

म्हशी राहिल्या.